अणुशास्त्राची उन्हाळी शाळा: विज्ञान एका दारी, धोरण दुसऱ्या दारी

जयपूर शहराच्या पश्चिमेकडची वैशाली नगर ही नोकरदार आणि व्यापारी मध्यमवर्गाची वसाहत. मे-जून आला की अशा वसाहतींतल्या घरांत जेईई, नीट आणि सीयूईटीची चर्चा असते. मुले कॉलेजात पोहोचली असतील तर इंटर्नशिपची. ती इंटर्नशिप बहुधा बँकेत, संगणक कंपनीत किंवा एखाद्या जाहिरात संस्थेत शोधली जाते. अणुविज्ञान त्या यादीत सहसा नसते, आणि नवल वाटावे ते याचेच. कारण भारताच्या अणुकार्यक्रमाच्या बऱ्याच कड्या राजस्थानातच गुंफलेल्या आहेत. युरेनियमचा शोध घेणाऱ्या अणुखनिज संचालनालयाचे पश्चिम विभागीय कार्यालय जयपूरमध्येच, प्रताप नगरला आहे. याच संचालनालयाने शोधलेला रोहिलचा युरेनियमसाठा शेजारच्या सीकर जिल्ह्यात आहे. दक्षिणेला, कोट्याच्या पुढे, चंबळेकाठी रावतभाट्याच्या अणुभट्ट्या. त्यांतली पहिली १९७३ पासूनची. तिथेच जड पाण्याचा कारखाना. बांसवाड्याला प्रत्येकी ७०० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्यांची पायाभरणी सप्टेंबर २०२५ मध्ये झाली. आणि पश्चिमेच्या वाळवंटात पोखरण, जिथे १८ मे १९७४ आणि ११ व १३ मे १९९८ रोजी चाचण्या झाल्या. एवढे सगळे एका राज्यात असूनही तिथल्या पदवीच्या विद्यार्थ्याला त्याचे शिक्षण कुठे मिळते हे ठाऊक नसेल, तर दोष त्याच्या कुतूहलाचा मानता येणार नाही.

शिक्षणाच्या या दारांची पाहणी केली तर एक चमत्कारिक चित्र दिसते. अणूचे विज्ञान उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकण्याची दारे भारतात बऱ्यापैकी आहेत, त्यांतली काही मोक्याची दारे मुंबईतच आहेत, आणि तिथे विद्यार्थ्याला फी भरावी लागत नाही, उलट विद्यावेतन मिळते. अण्वस्त्रे, प्रसारबंदी, किरणोत्सारी पदार्थांची राखण, नियामक कायदे अशा सुरक्षाधोरणाची दारे मात्र मोजकी आहेत आणि ती मुख्यतः राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. दोन्हीकडचे विद्यार्थी एकाच वर्गात बसतील अशी उन्हाळी शाळा जवळजवळ नाहीच. माझे म्हणणे असे की ही उणीव किरकोळ नाही. अणूविषयीचे जे जे सार्वजनिक प्रश्न आपल्यासमोर आले, त्यांत अर्धे ज्ञान एका बाजूला आणि अर्धे दुसऱ्या बाजूला राहिल्याने नुकसान झालेले दिसते. सुट्टीचे दोन महिने म्हणजे ही भिंत ओलांडण्याची सर्वात स्वस्त संधी आहे. विद्यार्थ्याने ती स्वतः शोधावी, आणि संस्थांनी ती मुद्दाम निर्माण करावी.

पुरावा म्हणून आधी पोखरणच घेऊ. ११ मे १९९८ रोजी एकाच वेळी तीन स्फोट झाले: एक औष्णिक-आण्विक म्हणजे हायड्रोजन बाँबच्या जातीचा, एक विखंडनाचा आणि एक अगदी लहान. पहिल्याची क्षमता सुमारे ४३ किलोटन असल्याचे भाभा अणुसंशोधन केंद्राने सांगितले. परदेशी भूकंपशास्त्रज्ञांनी दूरवरच्या नोंदींवरून काढलेला एकूण अंदाज याहून बराच कमी होता. भूकंपलेखावरून स्फोटाची ताकद काढताना लहरींची तीव्रता तर मोजावी लागतेच, पण स्फोट कोणत्या खडकात झाला, तो किती खोल होता, लहरी कोणत्या भूस्तरांतून गेल्या, यांवरही उत्तर फिरते. एका भूप्रदेशासाठी बसवलेले सूत्र दुसरीकडे तसेच लावता येत नाही. शिवाय जवळजवळच्या दोन विवरांत एकाच क्षणी स्फोट केले, तर त्यांच्या लहरी काही दिशांना एकमेकींना कापतात, असे भाभा केंद्राच्या शास्त्रज्ञांचे म्हणणे होते. १३ मेचे अतिलहान स्फोट तर परदेशी केंद्रांच्या नोंदींत दिसलेच नाहीत. २००९ मध्ये चाचण्यांशी संबंधित असलेले के. संथानम यांनी औष्णिक-आण्विक स्फोट अपेक्षेइतका झाला नाही असे जाहीरपणे म्हटले, आणि अणुऊर्जा आयोगाने ते खोडून काढले. आता, हा वाद भौतिकशास्त्राचा की धोरणाचा? क्षमता पुरेशी असेल तर भारताला पुन्हा चाचणी करण्याची गरज नाही, आणि मग सर्वंकष चाचणीबंदी करारावर सही करण्यातली एक अडचण दूर होते. क्षमता अपुरी असेल तर गणित उलटे. लहरींच्या आकड्याला परराष्ट्रधोरणाचे शेपूट जोडलेले आहे. तरीही वर्तमानपत्रांतली चर्चा ‘शास्त्रज्ञ विरुद्ध शास्त्रज्ञ’ किंवा ‘देशभक्त विरुद्ध शंकेखोर’ अशीच चालली. खडकाचा प्रश्न समजणारा राज्यशास्त्राचा अभ्यासक आणि कराराची कलमे वाचलेला भूभौतिकीचा अभ्यासक यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्यांतले बहुतेक सरकारी नोकरीत असल्याने गप्प होते.

दुसरा पुरावा तारापूरचा, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात ज्ञानाची दोन अंगे एकत्र आल्यावर काय घडते हेही दिसते. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. त्या अमेरिकी बनावटीच्या आणि समृद्ध युरेनियमवर चालणाऱ्या, म्हणून इंधनासाठी परावलंबी. १९७४ च्या पोखरणनंतर कॅनडाने रावतभाट्याच्या कामातून अंग काढले, अणुपुरवठादार देशांचा गट उभा राहिला, १९७८ मध्ये अमेरिकेने प्रसारबंदीचा कडक कायदा केला आणि तारापूरच्या इंधनाचे रडगाणे सुरू झाले. १९८२ मध्ये फ्रान्स पुढे आला तेव्हा कुठे निभावले. रावतभाट्याची दुसरी भट्टी भारतीय अभियंत्यांनी स्वतः पुरी केली ती १९८१ मध्ये. ही कोंडी सुटली ती २००५ ते २००८ च्या भारत-अमेरिका करारात. त्या वाटाघाटींचा गाभा एका प्रश्नात होता: कोणत्या अणुभट्ट्या नागरी म्हणून आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली द्यायच्या आणि कोणत्या बाहेर ठेवायच्या? २ मार्च २००६ च्या विभाजन आराखड्यात २२ पैकी १४ भट्ट्या देखरेखीखाली द्यायचे ठरले. रावतभाट्याच्या त्या वेळच्या सहाही त्यांत आहेत. तारापूरला मात्र १ व २ क्रमांकाच्या भट्ट्यांवर आंतरराष्ट्रीय निरीक्षक येतात, आणि त्याच परिसरातल्या ३ व ४ क्रमांकाच्या भट्ट्या देखरेखीबाहेर आहेत. का, हे समजायला भट्टीचे शास्त्र लागते. जड पाण्याच्या भट्टीत नैसर्गिक युरेनियम वापरतात आणि भट्टी चालू असतानाच इंधनाच्या नळ्या बदलता येतात. नळी लवकर बाहेर काढली तर तिच्यातले प्लुटोनियम अस्त्राला योग्य राहते, उशिरा काढली तर त्यात नको असलेले समस्थानिक वाढतात. म्हणून कोणती भट्टी कोणत्या यादीत जाते हा निव्वळ कारकुनी तपशील नसतो. द्रुत प्रजनक भट्टी देखरेखीबाहेरच राहिली पाहिजे, हे त्या वेळचे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष अनिल काकोडकर यांनी फेब्रुवारी २००६ मध्ये मुलाखत देऊन उघडपणे सांगितले, आणि अखेरीस तसेच झाले. रुपारेल महाविद्यालय आणि व्हीजेटीआयमधून आलेला, भाभा केंद्राच्या प्रशिक्षणशाळेत घडलेला एक यांत्रिकी अभियंता परराष्ट्रधोरणाची एक सीमारेषा ठरवू शकला, कारण मुत्सद्दी ज्या वाक्यावर बोलत होते त्यामागचे भौतिकशास्त्र त्याला माहीत होते. ते त्याने योग्य ठरवले की नाही, यावर मतभेद जरूर असावेत. पण तसे मतभेद मांडण्यासाठीसुद्धा दोन्ही गोष्टी कळाव्या लागतात.

या दोन्ही उदाहरणांवर कोणी म्हणेल की हे बड्या लोकांचे विषय. जयपूरच्या किंवा नाशिकच्या पोराने त्यात पडून काय करायचे? त्याला उत्तर म्हणून मायापुरी पुरेशी आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात संशोधनासाठी आणलेले, कोबाल्ट-६० असलेले एक गॅमा उपकरण वर्षानुवर्षे पडून होते. २०१० च्या सुरुवातीला ते भंगार म्हणून लिलावात विकले गेले. मायापुरीच्या भंगारबाजारात ते फोडले गेले, एप्रिलमध्ये माणसे आजारी पडू लागली, एक कामगार दगावला आणि इतर काहींना किरणोत्सर्गाच्या गंभीर जखमा झाल्या. यात कुणी दहशतवादी नव्हता, अणुभट्टी नव्हती, अस्त्र नव्हते. होते ते फक्त अज्ञान, आणि तेही देशाच्या राजधानीतल्या नामांकित विद्यापीठात. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोइआनिया शहरात ओस पडलेल्या दवाखान्यातले सीझियम-१३७ चे उपकरण असेच भंगारात गेले होते आणि चार जण मेले होते. म्हणजे धडा २३ वर्षे आधीच जगासमोर होता. आपल्याकडे असे स्रोत कर्करोगाच्या रुग्णालयांत आहेत, पाइपांचे जोड तपासणाऱ्या कंपन्यांत आहेत, आणि नाशिक जिल्ह्यात लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात आहेत, जिथे कांद्यावर आणि निर्यातीच्या आंब्यावर गॅमा किरणांचा मारा करतात. अशा स्रोताचा अपघात होऊ नये ही एक काळजी, तो चोरीला जाऊ नये किंवा बेवारस होऊ नये ही दुसरी. पहिलीला मापनयंत्रे लागतात. दुसरीला नोंदवह्या, लिलावाचे नियम, पोलीस ठाण्याला माहिती आणि दंडाची तरतूद लागते. मायापुरीत दुसरी काळजी हरली. या कामाला लागणारी माणसे म्हणजे भौतिकी घेऊन बी.एस्सी. केलेले आणि कायद्याची चार कलमे नीट वाचू शकणारे सामान्य पदवीधर. त्यांना घडवणारी उन्हाळी शाळा कुठे आहे?

विज्ञानाच्या बाजूची दारे आधी पाहू. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र २००४ पासून पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठी ‘नियस’ हा कार्यक्रम चालवते. यात सुट्टीतल्या शिबिरांतून निवडून पुढे प्रत्यक्ष संशोधन-प्रकल्प दिला जातो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा अभ्यागत विद्यार्थी कार्यक्रम उन्हाळ्यात असतो, आणि अणुकेंद्रीय भौतिकी हे त्या संस्थेचे जुने, भाभांच्या काळापासूनचे क्षेत्र. कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात भौतिकी आणि रसायनाच्या एम.एस्सी. विद्यार्थ्यांसाठी सुमारे सहा आठवड्यांचे उन्हाळी प्रशिक्षण असते. प्रजनक भट्टी ज्या आवारात उभी आहे तिथेच हे शिकायला मिळते. राजस्थानच्या मुलांना तुलनेने जवळचे म्हणजे गांधीनगरचे प्लाझ्मा संशोधन संस्थान. तिथली उन्हाळी शाळा संलयनाच्या, म्हणजे सूर्यात चालणाऱ्या प्रक्रियेच्या, संशोधनाची ओळख करून देते. या सर्वांपेक्षा व्यापक आहे ती तीन विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती: दोन महिने देशातल्या एखाद्या संशोधकाच्या हाताखाली काम, आणि ती शिक्षकांनाही मिळते, ही गोष्ट आपल्या प्राध्यापकांना फारशी माहीत नसते किंवा माहीत असून सोयीची नसते. भाभा केंद्राची प्रशिक्षणशाळा या यादीत येत नाही. ती १९५७ पासूनची, पण पदवीनंतरची आणि नोकरीकडे नेणारी. मात्र उन्हाळी प्रकल्प केलेल्या मुलाला तिच्या मुलाखतीत बोलायला काहीतरी असते. एवढे खरे की या साऱ्या कार्यक्रमांत विषयांची यादी भौतिकी, रसायन, गणित, जीवशास्त्र, अभियांत्रिकी इथेच थांबते. किरणोत्सारी स्रोतांचा हिशेब कसा ठेवावा, प्रसारबंदी कराराची तपासणी कशी होते, असे विषय तिथे मागूनही मिळत नाहीत.

धोरणाच्या बाजूला दिल्लीची मनोहर पर्रीकर संरक्षण अभ्यास संस्था आहे, जिथे इंटर्न घेतले जातात. सेंटर फॉर एरोस्पेस पॉवर अँड स्ट्रॅटेजिक स्टडीजमध्ये अणुधोरणाचा स्वतंत्र अभ्यास चालतो. पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग या विषयातला जुना आहे आणि महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला घराजवळचा. बंगळुरूची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅडव्हान्स्ड स्टडीज मात्र वेगळी. जे. आर. डी. टाटांच्या कल्पनेतून १९८८ मध्ये ती उभी राहिली आणि पहिले संचालक होते राजा रामण्णा, म्हणजे १९७४ च्या पोखरणचे एक प्रमुख शिल्पकार. भौतिकशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ, समाजशास्त्रज्ञ एका छपराखाली बसावेत ही तिची मूळ कल्पना, आणि तिथल्या सामरिक अभ्यासगटाने उपग्रहचित्रे व अभियांत्रिकी गणिते वापरून क्षेपणास्त्रांवर लिहिलेले अहवाल पाहिले की असा मेळ घातल्याने काय साधते ते कळते. पण ती संशोधनसंस्था आहे. शे-दोनशे पदवीधरांना दर उन्हाळ्यात शिकवणे हे तिचे काम नव्हे.

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न कसा सोडवला ते पाहण्यासारखे आहे. इटलीत एदोआर्दो अमाल्दी आणि कार्लो शेर्फ या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये ‘इसोदार्को’ ही निःशस्त्रीकरणाची शाळा सुरू केली. तिथे शीतयुद्धातल्या दोन्ही गटांतले अभ्यासक एकत्र बसत. कॅलिफोर्नियात सॅन दिएगो इथे २००३ पासून उन्हाळ्यात अणुधोक्यांवरची शिबिरशाळा भरते आणि तिच्यात भौतिकी-अभियांत्रिकीची मुले व राज्यशास्त्राची मुले जाणूनबुजून मिसळली जातात. बर्कलीच्या पुढाकाराने चालणारा अणुविज्ञान व सुरक्षा संघ विद्यापीठांना राष्ट्रीय प्रयोगशाळांशी जोडतो आणि उन्हाळ्यात मुलांना तिकडे पाठवतो. भारतीय विद्यार्थ्याने यातली ग्यानबाची मेख ओळखावी: पैसा अमेरिकी सरकारच्या अण्वस्त्र प्रशासनाचा असेल तर नागरिकत्वाची अट येतेच, आणि प्रयोगशाळेच्या फाटकावर ती अधिक कडक होते. त्यापेक्षा खुली दारे अशी: दक्षिण कोरियातल्या कायस्ट विद्यापीठाच्या प्रसारबंदी शिक्षण केंद्राचा उन्हाळी कार्यक्रम, ज्यात परदेशी विद्यार्थी घेतात, इटलीतल्या ट्रिएस्ते इथे अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेले केंद्र आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था मिळून विकसनशील देशांतल्या तरुण व्यावसायिकांसाठी चालवतात ती अणुसुरक्षेची शाळा, व्हिएन्नातली त्या संस्थेची इंटर्नशिप, आणि चाचणीबंदी संघटनेचा २०१६ पासूनचा युवा गट. महिलांसाठी २०२० पासून मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. ती उन्हाळी नाही, पदव्युत्तर शिक्षणाची आहे, पण प्रसारबंदी आणि सुरक्षा हे विषय तिच्यात धरले जातात, हे मुलींना कुणीतरी सांगायला हवे.

आता आक्षेप. सर्वात नेहमीचा आक्षेप गुप्ततेचा: हा विषय सरकारी कुलपात आहे, विद्यार्थ्याला त्यातले काय शिकवणार? १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने माहिती रोखण्याचे विस्तृत अधिकार सरकारला दिले आणि अणुऊर्जा विभागात गप्प राहण्याची संस्कृती रुजली, हे खरे. पण शिकण्याजोगे जे आहे त्यातले बहुतांश उघडे पडलेले आहे. २००६ चा विभाजन आराखडा संसदेत मांडला गेला. भारताने आंतरराष्ट्रीय संस्थेशी केलेले देखरेखीचे करार प्रसिद्ध आहेत. आण्विक पदार्थांच्या राखणीच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २००२ मध्ये सामील झाला आणि २००७ मध्ये त्यातली कडक दुरुस्तीही मान्य केली. त्याची कलमे कुणीही वाचू शकतो. अणुस्थळांच्या राखणीसंबंधीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशी २०११ च्या सुधारित आवृत्तीसह खुल्या आहेत. अणुऊर्जा नियामक मंडळाचे वार्षिक अहवाल आहेत, संसदेतली प्रश्नोत्तरे आहेत. जे खरोखर गुप्त आहे, म्हणजे अस्त्राची रचना किंवा एखाद्या केंद्राच्या पहाऱ्याचा तपशील, ते कुठल्याच देशाच्या उन्हाळी शाळेत शिकवत नाहीत आणि शिकवूही नये. गुप्ततेचे कारण पुढे करून उघड्या गोष्टी न वाचणे, ही आपल्याकडची जुनी सोय आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: दोन महिन्यांत दोन विषय शिकवले तर दोन्ही अर्धवट राहणार. भौतिकीच्या मुलाला करारांची नावे पाठ होतील, राज्यशास्त्राच्या मुलीला अर्धायुष्याची व्याख्या. हे होऊ शकते, आणि प्रमाणपत्र विकणाऱ्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत तसे होतेच. तीन दिवसांत ‘अणुतज्ज्ञ’ करणाऱ्या त्या जाहिरातींपासून दूर राहावे. मात्र उन्हाळी शाळेकडून पारंगतता मागणेच चूक आहे. तिने विद्यार्थ्याला दुसऱ्या बाजूच्या माणसाला योग्य प्रश्न विचारता येईल एवढे करावे. राज्यशास्त्राच्या विद्यार्थिनीला न्यूट्रॉनचे समीकरण सोडवता येणे गरजेचे नाही. पण ‘ही भट्टी चालू असताना इंधन बदलता येते का?’ हा प्रश्न सुचला पाहिजे. अभियांत्रिकीच्या मुलाला आंतरराष्ट्रीय कायद्याची परीक्षा द्यायची नाही. पण लिलावाच्या यादीतले जुने उपकरण पाहून ‘याच्या नोंदीवर सही कुणाची?’ हे त्याने विचारले पाहिजे. असा एकेक प्रश्न पक्का करायला सहा आठवडे पुरतात, जर प्रत्येक आठवडा एका खऱ्या प्रकरणावर खर्च केला तर: एक पोखरणच्या लहरींवर, एक तारापूरच्या यादीवर, एक मायापुरीवर.

पोटापाण्याचा प्रश्न वैशाली नगरातल्या पालकांच्या मनात पहिला असतो, म्हणून तो टाळून चालणार नाही. आजवर अणुक्षेत्रात नोकरी म्हणजे सरकारी विभाग किंवा अणुऊर्जा महामंडळ एवढेच होते, आणि धोरणाच्या अभ्यासकाला दिल्लीतल्या दोन-चार संस्था. ते आता बदलू घातले आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीजक्षमतेचे लक्ष्य आणि लहान भट्ट्यांसाठी २०,००० कोटी रुपये जाहीर झाले. त्याच वर्षी डिसेंबरात संसदेने ‘शांती’ कायदा करून १९६२ चा कायदा आणि २०१० चा नुकसानभरपाईचा कायदा बाजूला सारले आणि खासगी कंपन्यांना दार उघडले. लक्ष्य कितपत गाठले जाईल याबद्दल मी साशंक आहे. या विभागाच्या जुन्या लक्ष्यांचा इतिहास फारसा उत्साहवर्धक नाही. पण निम्मे जरी झाले तरी परवाने, विमा, भूसंपादन, जनसुनावणी, स्रोतांची नोंद, पहाऱ्याची तपासणी ही कामे खासगी आणि सरकारी दोन्ही बाजूंनी वाढतील. त्यांना लागणारा माणूस अर्धा अभियंता आणि अर्धा कायदेपंडित असावा लागतो, आणि असा माणूस आज बाजारात मिळत नाही.

शेवटचा आक्षेप नैतिक आहे आणि तो दोन टोकांकडून येतो. काहींना वाटते की अणुसुरक्षेचे शिक्षण म्हणजे बाँबची भलामण. इतिहास उलट सांगतो: १९५७ ची पगवॉश परिषद काय किंवा ‘इसोदार्को’ काय, निःशस्त्रीकरणाचे शिक्षण सुरू करण्यात भौतिकशास्त्रज्ञच पुढे होते, कारण अस्त्र काय करते हे त्यांना इतरांपेक्षा अधिक ठाऊक होते. दुसरी शंका अणुप्रकल्प येऊ घातलेल्या जैतापूरच्या किंवा बांसवाड्याच्या गावकऱ्याची, आणि ती मला जास्त खरी वाटते: विभागाच्या पैशावर चाललेली शाळा विभागाचीच बाजू शिकवेल. हा धोका खराच आहे. त्यावर उपाय म्हणजे अभ्यासक्रमात विरोधी कागद सक्तीने घालणे. पहिला कागद महालेखापरीक्षकांचा २०१२ चा अहवाल असावा. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले, पण ज्या विभागावर त्याने नजर ठेवायची त्याच्याच छत्राखाली ते राहिले, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. आणि देशातल्या वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी सुमारे ९१ टक्के केंद्रे मंडळाकडे नोंदलेलीच नव्हती, हेही. हा अहवाल सरकारच्याच लेखापरीक्षकांचा असल्याने त्याला देशद्रोही म्हणण्याची सोय नाही. जमीन गेलेल्या गावकऱ्याला आणि भट्टीच्या अभियंत्याला एकाच दुपारी वर्गात बोलावणारी शाळा विभागाला आवडणार नाही कदाचित, म्हणूनच ती एखाद्या विद्यापीठाने चालवावी, विभागाने फक्त प्रयोगशाळा उघडून द्यावी.

अशी शाळा येईपर्यंत विद्यार्थ्याने काय करायचे? चालू दारांतून आत जावे, पण विषयाची निवड कुंपणाच्या कडेने करावी. उन्हाळी शिष्यवृत्त्यांचे अर्ज उन्हाळ्यात भरायचे नसतात. बहुतेकांची मुदत आदल्या हिवाळ्यातच संपते, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत संस्थांची संकेतस्थळे पाहायला लागावे. अर्जात ‘मला अणुभौतिकीची आवड आहे’ असे न लिहिता, ‘गॅमा वर्णपटावरून अनोळखी स्रोत कसा ओळखतात ते शिकायचे आहे, कारण बेवारस स्रोतांच्या शोधात ते लागते’ असे लिहिले की वाचणारा संशोधक थांबतो. राज्यशास्त्राच्या मुलीने दिल्लीच्या इंटर्नशिपआधी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे मोफत ऑनलाइन धडे पुरे करावेत आणि बारावीचे भौतिकीचे पुस्तक पुन्हा काढावे. केंद्रकाचे प्रकरण तिथे चांगले आहे. अनेक विद्यापीठांत आता इंटर्नशिपला श्रेयांक मिळतात, त्यामुळे महाविद्यालयाची आडकाठीही कमी झाली आहे. आणि जयपूरच्याच विद्यार्थ्याला घर सोडता येत नसेल, तर सीकरच्या युरेनियमची नोंद ठेवणारे कार्यालय त्याच्याच शहरात आहे. राजस्थान विद्यापीठाच्या किंवा मालवीय राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या एखाद्या प्राध्यापकाने विभागप्रमुखाच्या सहीचे पत्र तिथे नेले, खाणीआधीचे सर्वेक्षण कसे होते आणि त्यासाठी परवानग्या कोणकोणत्या घ्याव्या लागतात एवढेच विचारले, तरी एका उन्हाळ्याच्या प्रकल्पापुरते काम निघते. नकार आला तर तो लेखी मागावा. धोरणाच्या विद्यार्थ्याला त्या कागदावरही निबंध लिहिता येतो.